तिच्या हातचा पहिला चष्मा

“उजवी काच डावीकडे! अहो, चपलासुद्धा माणूस बघून घालतो!” ताई कडाडली.

शेजारच्या टेबलावरचा कारागीर ओशाळला. “एकदाच झालं, ताई. आणि गिऱ्हाईक येऊन सांगतंच की.”

“तोवर त्यानं डोकं धरून बसायचं? लाल ठिपका उजव्या काचेवर कशाला देतो आपण, शोभेला?”

चष्म्यांच्या त्या कारखान्यात ताईच्या तोंडाला कोणी लागत नसे. आज तर तिचा पारा सकाळपासूनच चढलेला होता. दादाचा फोन आला होता. दादा तिचा थोरला भाऊ, दूरच्या शहरात राहणारा. “तुझं बरंय बाई,” तो हसत म्हणाला होता. “चाळिशी आली तरी आईबाबांच्या घरात. आयतं ताट, आयतं पांघरूण.”

आयतं! ताईच्या अंगाची लाही लाही झाली. बाबांच्या गोळ्यांवरची नावं कोण वाचतं? त्यांची पत्रं, अर्ज, पावत्या? रोज संध्याकाळी पहिल्या पानापासून शेवटच्या जाहिरातीपर्यंत पेपर कोण वाचून दाखवतं? नऊ वर्षं! दादाला एक दिवस वाचायला लावला असता, तर दुसऱ्या दिवशी त्याचा घसा बसला असता.

निघताना मालकांनी तिला थांबवलं. दुसऱ्या गावात ते नवा कारखाना काढत होते. “सगळं तुम्ही बघायचं. राहायला जागाही आहे. उद्या दुपारपर्यंत सांगा.”

ते ऐकून तिचा राग आणखीच वाढला. अशी संधी चालून यावी आणि आपल्या पायात घराची बेडी असावी!

घरी आई हातानं चाचपडत फिरत होती. “माझा चष्मा बघितलास का गं?”

तो नेहमीप्रमाणे बाबांच्या उशीखाली सापडला. “घरात चष्मा सापडायलासुद्धा मीच लागते,” ताई फणकारली.

बाबा खिडकीशी बसले होते. कोपऱ्यावरून येणारा शेजारी त्यांना इथून ओळखू येई. छापील अक्षर मात्र दिसत नसे. “नंबर बदलून उपयोग नाही,” असं डॉक्टर म्हणाल्याचं त्यांनीच घरी येऊन सांगितलं होतं. ताईनं किती वेळा म्हटलं, मी दुसरा करून देते. ते ऐकत नसत. “तुझ्या हातचा पहिला चष्मा आहे तो. असू दे.”

तो चष्मा तिला चांगला आठवत होता. आधीचं काम सुटून दोन वर्षं ती घरी बसली होती. कुणाशी बोलत नव्हती, धड जेवत नव्हती. मालकांनी तिला आठवडाभर पारखायला ठेवलं आणि तिनं पहिला चष्मा बाबांचा केला. बाबांनी तो कारखान्यातच डोळ्यांवर चढवला, पेपर समोर धरला आणि सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाले, “वा! मुंगीचे पाय मोजावेत इतकं स्वच्छ!” मालक खूश झाले, ताई कामावर राहिली. आणि नशीब कसं, महिन्याभरातच बाबांची नजर गेली.

“दांडीचा स्क्रू पडलाय वाटतं,” तिनं टेबलावरचा तो चष्मा उचलला. “उद्या बसवून आणते.”

“राहू दे गं,” बाबा घाईनं म्हणाले. “दोऱ्यानं बांधू.”

“दोऱ्यानं! मी चष्मे करते आणि माझ्या बापानं दोरा बांधून फिरायचं?” तिनं चष्मा पर्समध्ये टाकला आणि मालकांचं बोलणं एका दमात सांगून टाकलं.

बाबांचा चेहरा उजळला. “मग जा ना! आम्ही काय कुक्कुली बाळं आहोत?”

“आणि पेपर?”

“नाही वाचला तर काय बिघडतं? जगाचं आमच्यावाचून अडलेलं नाही.”

“गोळ्या? चुकीची गोळी घेतलीत म्हणजे?”

आईनं बाबांकडे पाहिलं. “अहो, आता तरी...”

“तू गप गं,” बाबा म्हणाले. मग ताईकडे वळून हळूच म्हणाले, “जा, बाळा. आमचं सगळं नीट चालेल.”

बोलायला काय जातं, ताई मनात धुमसली. मी गेले तर दुसऱ्या दिवशी हेच हाका मारतील. दादा येणार नाही, तो फक्त फोन करणार. तिनं पेपर उघडला आणि पहिली बातमी भांडल्यासारखी वाचली.

सकाळी कारखान्यात पाऊल टाकताच ती मालकांसमोर उभी राहिली. “मला जमणार नाही. वडिलांना दिसत नाही. त्यांचे डोळे मीच आहे.”

मालक हळहळले, पण धंदा थांबत नाही. त्यांनी तिच्यासमोरच शेजारच्या टेबलावरच्या कारागिराला बोलावलं. तो हरखून गेला. हात जोडून त्यानं होकार दिला, चहा मागवला, ताईलाही एक कप दिला. उजवी-डावी न कळणारा माणूस! ताईनं कप तसाच बाजूला सारला.

जागेवर येऊन तिनं बाबांचा चष्मा काढला. स्क्रू बसवायला मिनिटभर लागलं. हातात आलेला कुठलाही चष्मा नंबर मोजायच्या यंत्राखाली धरल्याशिवाय परत करायचा नाही, ही तिची सवय. उजवी काच दीड. डावी साडेतीन. तिनं कागदावर टिपून घेतलं.

मग जुन्या गिऱ्हाइकांच्या खणातून तिनं बाबांचं कार्ड शोधून काढलं. कार्ड पिवळं पडलं होतं, पण तिचं स्वतःचं नवशिकं, गोल गोल अक्षर अजून ठळक होतं: उजवा साडेतीन, डावा दीड.