पायडलांचा आवाज

परेशने लोखंडी पायडलांचा जोड ओसरीवर आणून आदळला, तसा ऋतिकाच्या पुढ्यातला चहा बशीत सांडला. सॉरीबिरी काही नाही. यात खोबरेल घाल, करकरतायत, एवढं आईला सांगून तो आल्या पावली माडीवर गेला. मागोमाग वरच्या दाराला अडसर लागला.

ऋतिका कालच नागावला त्यांच्या होमस्टेत उतरलेली पाहुणी. हे कसलं यंत्र, असं तिने विचारलं. सगुणाने कौतुकाने सांगितलं, पोराने माडीवर विमान मांडलंय. खरं नव्हे, कॉम्प्युटरमधलं. पण धावपट्टीवर त्याचं नाक सरळ ठेवायचं ते पायांनीच, या पायडलांनी. काल दुपारी धपधप ऐकू येत होतं ना, तो यांचाच आवाज.

कौतुक तेवढं खरं होतं. बाकीचं सगुणा कुणाला सांगत नसे. परेश वैमानिक व्हायला गेला होता आणि पाय जड आहेत म्हणून शिकवणाऱ्याने त्याला घरी पाठवला होता. तेव्हापासून हा माडीवरचा सराव. नाचता येईना अंगण वाकडं, तशी याची पायडलं वाकडी. त्यांची सेन्सिटिव्हिटी, म्हणजे पाय किती टेकला की विमानाने किती वळायचं, ती रोज बदलायची. कमी केली की विमान ऐकेना. वाढवली की नुसत्या अंगठ्याने भेलकांडे. तो पायडलांवर बसायचा आणि त्याची बायको किशोरी शेजारी उभी राहून कॉम्प्युटरवरचा आकडा केसभर इकडे, केसभर तिकडे करायची. विमान गवतात गेलं की चूक आकड्याची, म्हणजे किशोरीची. मग जो पाय पायडलावर हलका पडत नव्हता, तो तिच्या बरगडीत बसायचा.

सगुणाला हे ठाऊक नव्हतं असं कोण म्हणेल? फुटका ओठ घेऊन, एका हाताने कंबर धरून सून पाहुण्यांना घावन वाढायची. पण घरात परक्यांची ये-जा. झाकली मूठ सव्वा लाखाची. एकदोनदा सगुणा जिना चढलीही होती. दाराला आतून अडसर. गपचूप खाली आली. खोटं कशाला बोला, अडसर होता ते तिला बरंच वाटलं होतं.

आता ती पायडलं मांडीवर घेऊन बोटाने तेल सोडत होती. वर परेशचा आवाज चढला. जुने आकडे पुसलेसच कशाला? किशोरी म्हणाली, तुम्हीच सांगितलंत. पुढचं तिला बोलू दिलं नाही त्याने. धप्प. पुन्हा धप्प. माडीच्या फळ्यांतून सगुणाच्या डोक्यावर माती पडली.

सगुणाचं तोंड सवयीनेच उघडलं. "पोराची पायडलं हायत गो..."

"आजी," ऋतिका म्हणाली, "पायडलं तर तुमच्या मांडीवर आहेत."

सगुणाने खाली बघितलं. हात तेलाने बरबटलेले. लाजेने तिचे कान तापले, आणि लाजेच्या वर भीती चढली, की आज किशोरी मरते. वर किशोरी किंचाळली. मग एकदम गप्प झाली. तेव्हा मात्र सगुणा उठली. पायडलं ओसरीवर गडगडली. गुडघे धरून ती जिना चढली. आज दार फोडायचं, पण आत जायचं, असं मनाशी म्हणून तिने खांद्याने धडक मारली. दार सताड उघडलं आणि ती पडता पडता वाचली.

अडसर दाराला नव्हता. किशोरीच्या हातात होता.

परेश टेबलाखाली वाकडातिकडा पडला होता. किशोरीच्या नाकातलं रक्त हनुवटीवरून गळत होतं. तिने अडसर दोन्ही हातांनी उचलला आणि त्याच्या नडगीवर घातला. सुकी फाटी मोडावी तसं हाड मोडलं. परेश आईला हाका मारू लागला, हिला आवर, हिला आवर. किशोरीने सासूकडे एकदा बघितलं. ना भीती, ना आशा. अडसर पुन्हा वर गेला.

"डोक्यात नको हाणू गो," एवढंच सगुणा म्हणाली आणि तिने बाहेर येऊन दार ओढून घेतलं.

ऋतिका मोबाइल हातात घेऊन जिन्याशी उभी होती. वर कोण ओरडतंय, पोलिसांना फोन करू का, असं तिने विचारलं. सगुणा खालच्या पायरीवर वाट अडवून बसली. पदराने तिने हातांचं तेल पुसलं, एकेक बोट करून.

"माझाच पोर हाय," ती म्हणाली. "लाव फोन. पण जरा सावकाशीनं लाव."