एसटीतला डबा

सव्वादहाची एसटी थांबली, तशी पाडवीसिस्टर टॅब घेऊन धावल्या. डोंगरातल्या त्या गावात नेटवर्क नव्हतं. एसटीतला छोटा डबा आरोग्य उपकेंद्राचे रिपोर्ट वाय-फायने उचलून तालुक्याला पोचवी आणि डॉक्टरांचं उत्तर दुसऱ्या दिवशी घेऊन येई. उपकेंद्राच्या पायरीवर बसलेल्या मोगराला आठवा महिना होता. रक्तदाब चढत होता आणि तीन दिवस उत्तरच नव्हतं.

आजही टॅब कोरा. “डबा कुठाय?”

“एकदम सेफ, सिस्टर!” कंडक्टरने लोखंडी पेटीचं कुलूप दाखवलं. “धूळ बसायची, लोक हात लावायचे. सोमवारपासून आतच ठेवलाय.”

“अहो, लोखंडातून सिग्नल कसा बाहेर येणार? तीन दिवस ही डोकं धरून बसलीय!”

ओशाळून तो कुलूप काढू लागला.

“राहू द्या. आता पाठवलं तरी उत्तर उद्या येणार.” सिस्टरांनी मोगराला धरून गाडीत चढवलं.

कंडक्टर प्रवाशांकडे वळला. “मधल्या थांब्यांवरचे इथंच उतरा. गाडी थेट तालुक्याच्या दवाखान्यात जाईल.”

“अन् आमचा बाजार?” एक म्हातारा कुरकुरला. त्याच्या बायकोने त्याची पिशवी आधीच खिडकीतून खाली टाकली होती.