अर्धा इंच

"हलू नकोस," धाकटी तिसऱ्यांदा म्हणाली.

ताई हलली नव्हती. सकाळपासून ती लाकडी चौथऱ्यावर उभी होती. अंगावर राखाडी कोट आणि कोटाला सत्तर-ऐंशी टाचण्या. हलली असती तर तिलाच टोचल्या असत्या. घसरत होता तो कोटाचा डावा खांदा. धाकटी तो ओढून वर बसवायची, दोन पावलं मागे जाऊन बघायची, आणि तो पुन्हा खाली यायचा. शो तीन दिवसांवर आला होता. या मोसमात बायकांचे खांदे पट्टीनं आखल्यासारखे सरळ दिसणार, असं धाकटीनं ठरवलं होतं. तिनं एकदा ठरवलं की सारं शहर तसंच शिवून घ्यायचं. निमंत्रणंही छापून आली होती. मोसमाचं नाव वर ठळक अक्षरात होतं : 'बिनओझ्याची बाई'.

वीस वर्षं हे असंच चाललं होतं. धाकटीनं कागदावर काढायचं, मास्टरनं कापायचं आणि ताईनं उभं राहायचं. प्रत्येक झगा, प्रत्येक कोट आधी ताईच्या अंगावर चढायचा, मग काचेमागे जायचा. टाचणी टोचली तरी ताई हूं की चूं करत नसे. आज मात्र तिचं डोकं तापत चाललं होतं. 'हलू नकोस' सोडलं तर धाकटी तिच्याशी बोलतच नव्हती. तिच्या डोक्यावरून मास्टरशी बोलत होती.

"कटिंग चुकलंय."

मास्टरच्या तोंडात टाचण्या होत्या. त्यांनी नुसती मान हलवली. नाही.

"मग कापडात खोट असेल."

मास्टरनी कापड चिमटीत चोळून पाहिलं. पुन्हा नाही.

"मग हिच्यातच आहे." धाकटीनं टेप लावला. एकदा उजवीकडे, एकदा डावीकडे. "अर्धा इंच. तुझा खांदा पडलाय, ताई. पडलेल्या खांद्यावर मी टांगू तरी काय?"

मास्टरनी तोंडातल्या टाचण्या काढल्या. असं ते क्वचितच करत, त्यामुळे शेजारच्या दोन शिलाई मशीनही थांबल्या.

"मॅडम, तो आज पडलेला नाही. वीस वर्षं मी डावा खांदा अर्धा इंच उतरवूनच कापतोय. ताईंना बसावा म्हणून. गिऱ्हाइकांनाही बसतो तो त्यामुळेच. पिशव्या म्हणा, पोरं म्हणा, कुठल्या बाईचे खांदे सारखे असतात? या वेळी तुम्ही सरळ कापायला लावलंत. नाचता येईना..."

इथे त्यांना आपण कुणाशी बोलतोय ते आठवलं. त्यांनी टाचण्या घाईघाईनं परत तोंडात घातल्या.

धाकटीनं दाराकडे बघून हाक मारली. एक उंच, कोवळी मुलगी आत आली. ती सकाळपासून बाहेर बाकावर बसून होती. म्हणजे खांद्याचं माप आत्ता निघालं, पण निकाल आधीच लागला होता. ताईला हे कळलं आणि तिच्या तळपायाची आग मस्तकात गेली.

"उतर खाली, ताई," धाकटी म्हणाली. "आजपासून ही उभी राहील. तू घरी बस, आराम कर."

ताई उतरली. तिनं कोट काढला. शेवटची टाचणी अंगठ्यात घुसली, तिकडे तिनं पाहिलंही नाही. गरज सरो नि वैद्य मरो, दुसरं काय. मुलीनं कोट चढवला आणि तो तिच्या खांद्यांवर हँगरवर बसावा तसा बसला.

"बघा, याला म्हणतात खांदा," धाकटी म्हणाली. मशीनवरच्या बायकांनी खाली माना घातल्या. ताई दाराशी जाऊन चपला शोधू लागली. रागाच्या भरात डावी-उजवी कळेना.

चौथऱ्यासमोरच्या भिंतीवर एक भला मोठा फोटो होता. धाकटीचा, तीन वर्षांची असतानाचा. कपाळावर झिपऱ्या आणि मुठीत घट्ट धरलेलं कापड. हा फोटो प्रत्येक मासिकात छापून आला होता. खाली एकच मजकूर असायचा, की हिला तेव्हापासूनच कापडाचं वेड. वीस वर्षं ताई त्या फोटोकडे तोंड करून उभी राहिली होती. आता ती मुलगी त्याच्याकडे बघत होती. फोटोची एक कड कापलेली होती आणि त्या कडेला एक बारकंसं कोपर राहून गेलं होतं.

"मॅडम, हे कोपर कुणाचं?" मुलीनं विचारलं.

"असेल कुणाचं तरी. मान सरळ ठेव."

ताईनं चपला तिथेच टाकल्या. ती अनवाणी परत आली आणि धाकटीच्या समोर, अगदी नाकासमोर उभी राहिली. वीस वर्षांत या खोलीत तिचा आवाज कधी चढला नव्हता. आजही चढला नाही.

"माझं आहे, चिमे," ती म्हणाली. हे नाव तिथे कुणी ऐकलेलं नव्हतं. "आणि मुठीत आहे तो माझा फ्रॉक. आई कामावर जायची आणि गल्लीत कुत्री आहेत म्हणून तू जमिनीला पाय लावायची नाहीस. कडेवर तू असायचीस म्हणून मला शाळेतून परत पाठवलं. पाच वर्षांची घोडी झालीस तरी या डाव्या अंगावरून खाली यायचं नाव नव्हतं तुझं."

धाकटीच्या हातातला टेप खाली पडला.

"आता उतर."