मधला मणी

"मधला मणी लालच होता," थोरली म्हणाली.

"निळा," धाकटी म्हणाली.

मणीमावशीने हातातला लाल खडा पुन्हा पाटीवर ठेवला. सकाळपासून पाचव्यांदा. गल्लीने तिला हे नाव उगाच नव्हतं दिलं. तीस वर्षं माळा ओवण्यात गेली होती. पण आज तिच्या डोक्याचा पार भुगा झाला होता.

काम म्हटलं तर साधं. या दोघी बहिणींच्या आईची माळ दवाखान्यात तुटली. नर्सने मणी वेचून डबीत भरून दिले, आणि आई काही घरी परत आली नाही. आता माळ होती तशी ओवून हवी होती. होती तशी म्हणजे कशी, हेच मेलं ठरत नव्हतं. बारीक मण्यांबद्दल तक्रार नव्हती. एक मीनाकारीचा, एक खड्याचा, एवढं दोघींना मान्य होतं. घोडं अडलं होतं दोन मोठ्या मण्यांपाशी. लाल खडा थोरलीने आईला आणून दिलेला, निळा मीनाकारीचा मणी धाकटीने.

"दर रविवारी जायचे मी आईकडे," थोरली म्हणाली. "मधोमध माझाच असायचा. या डोळ्यांनी बघितलाय."

"मग मी बुधवारी काय डोळे मिटून जायचे?"

दोघी एकाच दिवशी का जात नव्हत्या, हे मावशीने विचारलं नाही. दोन स्टुलांमध्ये तिसरी बाई आरामात मावली असती.

तिने मोठे मणी भिंगाखाली धरले. माळेचा भार मधला मणी झेलतो, म्हणून त्याचं भोक जास्त झिजतं. चला, एकदाचा निकाल लागेल, असं तिला वाटलं. पण छे! झिजलेले दोन्ही होते, अगदी सारखे. म्हणजे दोघी खऱ्या? की दोघी खोट्या? मावशीला आता स्वतःच्याच डोळ्यांची शंका यायला लागली.

"बरं, हूक द्या इकडे," ती म्हणाली. "एक मोठा मणी मधोमध, तर दुसरा हुकापाशीच असणार; हुकाला घासल्याचा चरा कुणावर आहे ते बघू."

डबीत हूक नव्हता. बहिणींनी एकमेकींकडे पाहिलं.

"हिलाच विचारा," थोरली म्हणाली. "शेवटी दवाखान्यात हीच होती."

"मी ढापला म्हणतेस? आईचा सोन्याचा हूक?" धाकटीच्या डोळ्यांत टचकन पाणी आलं. "ताई, लाज नाही वाटत?"

"अहो बायांनो, जरा दम धरा!" मावशी ओरडलीच. "सोन्याचा होता, हे पाहिलंय कुणी?"

आईचा भलामोठा अंबाडा मानेवर असायचा. त्याखालचं कुणी कधी पाहिलंच नव्हतं.

मावशीने डबी उलटी करून टेबलावर आपटली. तळाला चिकटलेला दोऱ्याचा तुकडा बाहेर पडला. तुकडा कसला, दोन टोकांना धरून ठेवणारी घरगुती गाठ होती ती. मावशी गाठीकडे बघत राहिली. मग तिने भराभर मणी ओवले. लाल एका बाजूला, निळा बरोबर त्याच्या समोर. टोकं एकमेकांना बांधली आणि माळ थोरलीच्या डोक्यावरून खाली सोडली. ती कानाला न अडकता सहज उतरली.

"हूक नव्हताच हिला," मावशी म्हणाली. "अशा माळेला मधला मणी नसतो. गळ्यात फिरवून ज्याला पुढे आणाल, तो मधला. दुसरा आपला अंबाड्याखाली."

थोरलीने मान खाली घालून पाहिलं. लाल खडा पुढे आला होता.

"म्हणजे रविवारी आई लाल पुढे घ्यायची, आणि बुधवारी..." धाकटी म्हणाली.

थोरलीचा हात गळ्याशी गेला. माळ काढून टाकतेय की काय, म्हणून मावशी पुढे झाली. पण तिने काढली नाही. धाकटीकडे तोंड करून ती बसली आणि दोन बोटांनी माळ सरकवत राहिली, निळा मणी पुढे येईपर्यंत.