चौथी ओळ

"पोरीला उद्यापासनं धाडणार न्हाय," आकाराम दारातूनच म्हणाला. वाजवणं थांबलं.

शाळेच्या हॉलमध्ये पाच मुलं अर्धगोल करून बसली होती. प्रभुलिंग मास्तरांनी चष्मा कपाळावर सरकवला. "आत या की, आकाराम. काय झालं?"

आकाराम उंबऱ्याबाहेरच उभा राहिला. "रोज सांजचं घरात ऐकतोय. भोंऽऽ भोंऽऽ. गाणंच न्हाय त्यात. तुमी हिला सूर धरायला बसवलंय व्हय?"

मांडीवर युफोनियम, ते जाड आवाजाचं पितळी वाद्य, घेतलेल्या विद्याश्रीनं मान खाली घातली.

वाजत होता तो नाच चारशे वर्षांपूर्वीचा, युरोपातला. दरबारात जोडीजोडीनं संथ पावलं टाकत करायचा. मास्तरांनी तो चार ओळींत बसवला होता. कुठलं पोर कुठल्या दिवशी कुठलं वाद्य घेऊन येईल याचा नेम नसायचा, म्हणून प्रत्येक ओळ प्रत्येक वाद्याच्या पट्टीत लिहून ठेवलेली. पहिली ओळ म्हणजे चाल. चौथी म्हणजे खालचा लांब, भरीव सूर.

"तिचा दम सगळ्यांत मोठा आहे," मास्तर म्हणाले. "म्हणून तर दिली चौथी."

"दम आसणारच. आज्ज्यानं जोतिबावर सनईला सूर धरला, बानं धरला, मी धरतोय. चाल वाजवणारा पुढं, फेटा त्येला, नाव त्येचं. आमचे नुसते गाल फुगल्यात." आकारामचा आवाज चढला. "हितं तरी येगळं आसंल म्हणून धाडली हुती."

शाबासकी म्हणून दिलेली ओळ त्या घरात कशी ऐकू गेली असेल, हे मास्तरांना आत्ता उमगलं. त्यांनी पिशवीतून युफोनियमसाठी लिहिलेली पहिली ओळ काढली आणि विद्याश्रीच्या स्टँडवर लावली.

"मास्तर, मग मी?" क्लॅरिनेटवाला विजयसिंह उसळला. "चाल माझी हाय!"

"आजपासून आळीपाळीनं. तू दुसरी घे."

"आन् चौथी कोण?"

मास्तरांनी कोपऱ्यातला आपला जुना ट्युबा, युफोनियमचा थोरला भाऊ, उचलला आणि मुलांच्या मागं स्टुलावर जाऊन बसले. "मी."

त्यांनी मानेनं ताल दिला. विद्याश्रीनं चाल उचलली. जाड, बुजरी निघाली, पण निघाली. दुसऱ्या वळणावर बोट चुकलं, आवाज फाटला. विजयसिंह फिसकन हसला. तिनं वाद्य तोंडावरून काढलं आणि बापाकडं पाहिलं. बाकीची पोरंही अडखळली. मास्तर तेवढे थांबले नाहीत. त्यांचा सूर हॉलभर तसाच भरून राहिला.

आकारामनं चपला काढल्या. आत आला आणि लेकीशेजारी फरशीवर टेकला.

"थांबायचं न्हाय गं," तो हळू म्हणाला. "चुकलीस तर चुकलीस. खाली सूर हाय न्हवं."