असहमती नसलेल्यांनी

नगरसेविका इंगवले ताईंनी माझा ठराव दोनदा वाचला, दुसऱ्यांदा चष्मा लावून.

“शालेय बस डेपोचे स्थलांतर न करण्याच्या भूमिकेशी असहमती नसलेल्यांनी हात वर करावेत.”

सभामंडपात शांतता पसरली. मला ती आदराची वाटली. शेवटी मी मराठीचा एम.ए. आहे, आणि ‘डेपो हलवा’ असं काय कुणीही लिहील. शिवाय ही सगळी धडपड बायकोसाठी होती. ती हॉस्पिटलातली रात्रपाळी संपवून पहाटे घरी येते, अंथरुणाला पाठ टेकते, आणि नेमक्या तेव्हाच आमच्या खिडकीखाली शाळेच्या बस इंजिनं तापवायला लागतात.

मी ठसक्यात हात वर केला. माझ्याकडे बघून शेजारच्या पेंडुरकरांनी केला, मग अख्ख्या कॉलनीनं. मागे उभ्या असलेल्या बस ड्रायव्हरांनीही केला, तेव्हा त्यांचं मनपरिवर्तन पाहून मला अगदी भरून आलं.

फक्त बायकोचा हात मांडीवर होता.

“अगं, वर कर की! लोक काय म्हणतील?” मी कुजबुजलो.

“म्हणजे डेपो इथंच राहावा, असं सगळ्यांचं म्हणणं आहे,” ताईंनी जाहीर केलं. “एक बाई सोडून.” ड्रायव्हरांनी टाळ्यांचा कडकडाट केला. सवयीनं मीही दोन वाजवल्या.

“अहो, मला डेपो हलवून हवा होता, म्हणून तर हात खाली ठेवला,” बायको जांभई देत म्हणाली. “संसार केलाय मी तुमच्याबरोबर. तुमचं मराठी मला कळतं.”