शिमग्याचा कोपरा

"बायका लाकडं चोरायच्या, याला पुरावा काय?" पावसकर गुरुजींनी चष्म्यावरून बघत मला विचारलं.

गावच्या वाचनालयात त्यांनी शिमग्याच्या इतिहासाचं छोटं प्रदर्शन मांडलं होतं. सागवानी टेबलावर जुना ढोल आणि पालखीचे गोंडे, मागे फलक. होळी पेटवायचा मान कोणत्या वाडीचा, या भांडणाच्या दोन्ही बाजू त्यांनी न घाबरता लिहिल्या होत्या. पण खाली एक ओळ होती, 'होळीची लाकडं चोरायला फक्त पुरुष जात.' तरुणपणी मी आणि माझ्या जाऊबाईंनी अर्ध्या गावाची कुंपणं उपसली, त्याचं कुठे नावच नाही.

"पुरावा आणा, लगेच बदलतो," गुरुजी म्हणाले.

होळीच्या दुपारी पुरणपोळ्या खाऊन गुरुजी घरी घोरत पडले आणि वाचनालयाची किल्ली आमच्या हाती आली. ढोल, गोंडे आम्ही सतरंजीवर नीट उतरवून ठेवले.

संध्याकाळी गुरुजी होळीपाशी आले, तर त्यांचं टेबल लाकडांवर पाय वर करून पडलेलं. "आधी ते खाली घ्या," ते कडाडले.

"होळीवर चढलेलं लाकूड मालकानं परत मागायचं नाही," मी म्हटलं. "तुमच्याच फलकावर आहे."

गुरुजींनी होळीभोवती एक फेरी मारली. मग त्यांनी खिशातून पेन काढलं. "चोरांची नावं सांगा. फलकावर घालतो."

"माझं घाला, जाऊबाईंचं घाला. आणि किल्ली देणारी तुमच्याच मागे उभी आहे. तिचं नाव मात्र उखाण्यात घ्यावं लागेल."